गरोदरपणातला मधुमेह आणि तातडीचे सिझेरियन

गरोदरपणात पहिल्यांदाच रक्तातली साखर मर्यादेपलीकडे गेलेली आढळली, की त्याला गर्भावधी मधुमेह म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेत भारतातले त्याचे प्रमाण 10 ते 14 टक्के धरले आहे. तपासणीहून परतल्यावर ‘शुगर निघाली’ असे घरात सांगितले, की ‘म्हणजे आता सिझर’ असे कोणीतरी म्हणतेच. हा समज चुकीचा आहे. आहार, चालणे आणि गरज पडल्यास औषध यांनी साखर ताब्यात राहिली, तर बहुतेक स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. सिझेरियन करायचे ते प्रसूतीशास्त्रातल्या ठोस कारणासाठी, नुसत्या मधुमेहासाठी नव्हे, असे हीच मार्गदर्शिका सांगते. तरीही मधुमेह असलेल्या स्त्रीवर कळा सुरू झाल्यावर ऐनवेळी शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकेच खरे. त्याची मुळे बहुधा प्रसूतीच्या दिवसात नसतात, त्याआधीच्या दहा-बारा आठवड्यांत असतात.

वारेच्या दोन्ही बाजूंना

गरोदरपणाच्या मध्यापासून वार जी संप्रेरके तयार करते, ती आईच्या शरीरात इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. यात मूळचा हेतू चांगलाच आहे: आईच्या रक्तात थोडी जास्त साखर राहावी आणि बाळाला अन्न कमी पडू नये. निरोगी स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही तिची साखर चढते. घरात मधुमेह असणे, गरोदरपणाआधीच वजन जास्त असणे, वय वाढलेले असणे, आधीचे बाळ मोठे असणे, पीसीओएस असणे ही सारी कारणे त्याला हातभार लावतात.

आईची साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे आलेली जादा साखर जिरवण्यासाठी बाळाला स्वतःच इन्सुलिन तयार करावे लागते. कोपनहेगनचे डॉ. योर्गन पेडरसन यांनी 1950च्या दशकात ही मांडणी केली आणि आजही याच पायावर सगळे उपचार उभे आहेत. इन्सुलिन हे वाढीचेही संप्रेरक असल्याने बाळाच्या पोटावर आणि खांद्यांवर चरबी साठते. डोके मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. प्रसूतीच्या वाटेवर डोके निघून खांदा अडकण्याचा धोका इथे असतो, आणि सारख्याच वजनाच्या दोन बाळांमध्ये मधुमेही आईच्या बाळाला तो अधिक असतो.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, पण तातडीच्या प्रसंगी तोच जास्त महत्त्वाचा ठरतो. इन्सुलिन वाढले की बाळाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. वारेतून येणारा पुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणून साखर बेताल राहिलेल्या आईचे बाळ पोटात असताना काठावर जगत असते. कळा येताना गर्भाशय आकसते आणि वारेतला रक्तप्रवाह क्षणभर मंदावतो. इतर बाळे हे सहज सोसतात. या बाळाकडे राखीव साठा कमी असल्याने त्याचे ठोके लवकर घसरू लागतात.

साखर किती वाढली म्हणजे धोका सुरू होतो, याचा सर्वांत मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. ‘हापो’ या नावाने तो ओळखला जातो. नऊ देशांतल्या 23,000हून अधिक गरोदर स्त्रियांच्या साखरेची नोंद त्यात होती. साखर जसजशी चढत जाते तसतसे मोठ्या बाळाचे आणि पहिल्या सिझेरियनचे प्रमाण चढत जाते, मध्ये कुठेही ‘इथपर्यंत निर्धोक’ अशी रेघ ओढता येत नाही, असे त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीने उलट बाजूही दाखवली. सौम्य गर्भावधी मधुमेह असलेल्या 958 स्त्रियांपैकी ज्यांच्यावर नीट उपचार झाले त्यांच्यात सिझेरियनचे प्रमाण 26.9 टक्के होते आणि नेहमीच्या देखभालीवर राहिलेल्यांत 33.8 टक्के. खांदा अडकण्याचे प्रमाण 4 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आले. साखर आवरण्याचा फायदा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

‘मोठे बाळ’ म्हणजे किती मोठे, हा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन होते सुमारे 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण वजनात एवढी तफावत असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी जवळपास टिकून होती, उणीव होती ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असे हे भारतीय बाळ आता जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत पोहोचले आहे. सव्वाचार किंवा साडेचार किलोच्या पाश्चात्त्य मापाने इथले बाळ मोजत बसले, तर धोका नजरेतून सुटू शकतो. उंचीने लहान असलेल्या आईसाठी साडेतीन किलोचे बाळही मोठे ठरू शकते. शिवाय सोनोग्राफीत दिसणारे वजन हा अंदाज असतो आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते. केंद्राची मार्गदर्शिका बाळाचे अंदाजे वजन 4 किलोपेक्षा जास्त असेल तर 39व्या आठवड्यात ठरवून सिझेरियनचा विचार करावा असे सांगते. त्याखालच्या वजनाला डॉक्टरांचा हात, आईची ठेवण आणि कळांची प्रगती पाहूनच निर्णय होतो.

पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज

गर्भावधी मधुमेह ओळखणारी चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिलीलीटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली तर गर्भावधी मधुमेह. उपाशीपोटी येण्याची अट नाही, आणि हीच तिची खरी ताकद आहे. उरणजवळच्या गावातून किंवा नवी मुंबईतल्या दिघ्याच्या वस्तीतून सकाळी घरचे उरकून, एक मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हणून परत पाठवले, तर ती पुन्हा येईलच असे नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत भारतासाठी आग्रहाने मांडली. त्यांचा जन्मदिवस, 10 मार्च, देशात गर्भावधी मधुमेह जागृती दिन म्हणून पाळला जातो. चाचणी पहिल्या भेटीतच करायची असते. ती ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची असते, कारण वारेचा जोर तेव्हा वाढलेला असतो. दुसरी चाचणी राहून जाणे ही नेहमीची आणि महाग पडणारी चूक आहे.

निदान झाल्यावर दोन आठवडे आहारावर आणि चालण्यावर भर देतात. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120च्या आत आणि उपाशीपोटी 95च्या आत राहावी असे पाहतात. तशी राहिली नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू होते. नवी मुंबईत आगरी-कोळी घरांतला भात-मासळीचा आहार, घाटावरून आलेल्या कुटुंबांतली भाकरी आणि उत्तर भारतीय घरांतले पराठे असे सगळेच एका बाह्यरुग्ण विभागात येते, त्यामुळे छापील आहारतक्ता सर्वांना देऊन भागत नाही. मासळी सोडायची गरज नाही, भाताचा ढीग कमी करायचा आहे. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र साखर फार झपाट्याने चढवते. ‘दोन जिवांचे खा’ हा प्रेमाचा आग्रह या नऊ महिन्यांत तरी आवरावा लागतो.

तातडीचे किती प्रकार

तातडीचे सिझेरियन म्हटले की धावपळ डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्यात पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये रूढ झालेली चार गटांची विभागणी आज जगभर वापरली जाते. पहिल्या गटात आईच्या किंवा बाळाच्या जिवाला थेट धोका असतो, निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत 30 मिनिटांचे उद्दिष्ट असते. दुसऱ्या गटात त्रास सुरू झालेला असतो, पण जीव लगेच धोक्यात नसतो. तिथे 75 मिनिटांपर्यंत वेळ घेता येतो. तिसऱ्यात लवकर करणे बरे, आणि चौथ्यात तारीख ठरवून.

मधुमेह असलेल्या स्त्रियांत पहिल्या दोन गटांपर्यंत जाणारे रस्ते ठरलेले आहेत. सगळ्यांत नेहमीचा म्हणजे कळांनी प्रगती न होणे. बाळ मोठे, डोके वर, गर्भाशयाचे तोंड सहा-सात सेंटीमीटरवर अडलेले. साखर ताब्यात असूनही आपोआप कळा आल्या नाहीत तर 39 आठवड्यांनंतर औषधाने कळा आणतात. गर्भाशयाचे तोंड तयार नसेल तर त्या नीट पकड घेत नाहीत आणि दीड-दोन दिवसांनी थकलेल्या बाईला शस्त्रक्रियेला न्यावे लागते. दुसरा रस्ता बाळाच्या ठोक्यांचा. तिसरा रक्तदाबाचा: गर्भावधी मधुमेहाबरोबर रक्तदाब वाढण्याचे प्रमाण जास्त असते, आणि डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके इथपर्यंत मामला गेला की वाट पाहता येत नाही.

चौथा रस्ता क्वचितचा, पण सर्वांत भयंकर. साखर वाढलेल्या आईच्या बाळाला लघवी जास्त होते आणि गर्भजल वाढते. भरपूर पाण्यात बाळाचे डोके खाली टेकत नाही. अशात पाणमोट फुटली, की पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ डोक्याच्या आधी खाली घसरू शकते. मग प्रत्येक कळेला डोके नाळेवर दाबले जाते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी तपासणारी डॉक्टर किंवा परिचारिका हातमोजा घातलेली बोटे आत ठेवून बाळाचे डोके वर उचलून धरते. बाईला गुडघ्यांवर आणि छातीवर ओणवे करतात किंवा कमरेखाली उशा देतात. ती बोटे मग काढायची नसतात. स्ट्रेचर ढकलत नेताना, लिफ्टमध्ये, शस्त्रक्रियेच्या टेबलावर निर्जंतुक कापड पसरले जात असताना, आणि वरून शस्त्रक्रिया करणारे बाळाला हात घालेपर्यंत तो हात तिथेच असतो. बाळाचा जीव त्या काही मिनिटांत एका माणसाच्या बोटांवर टिकलेला असतो. गर्भजल जास्त असल्याचे सोनोग्राफीत कळले असेल, तर पाणी जाताच, कळा नसल्या तरी, रुग्णालय गाठायचे ते यासाठी.

अर्ध्या तासात

निर्णय झाला की एकाच वेळी चार-पाच कामे चालू होतात. संमतीची सही, शिरेत जाड सुई, रक्तगट जुळवायला नमुना, लघवीची नळी, बाळाच्या डॉक्टरांना निरोप. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते. नवरा कामावरून निघाला आहे, सासरे गावाहून यायचे आहेत, म्हणून थांबण्यात जी मिनिटे जातात ती बाळाची असतात. कळा आणण्याची औषधे चालू असतील तर ती बंद करतात. बाईला डाव्या कुशीकडे कलते करतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हलतो.

मधुमेही स्त्रीच्या बाबतीत या यादीत आणखी एक काम येते, आणि ते तीस सेकंदांचे आहे: बोटाला टोचून साखर पाहणे. ते गडबडीत राहून जाता कामा नये. कळा सुरू असताना साधारण दर दोन तासांनी साखर मोजलेली असते. पूर्ण भूल द्यावी लागली तर, बाई पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत, दर अर्ध्या तासाने मोजतात. प्रसूतीच्या वेळी साखर साधारण 70 ते 120 च्या पट्ट्यात हवी. केंद्राच्या मार्गदर्शिकेत प्रसूतिकक्षासाठी सरळ तक्ता आहे. साखर 120च्या वर असेल तर 500 मिलीलीटर सलाइनमध्ये 4 युनिट इन्सुलिन, 140च्या वर 6 युनिट, 180च्या वर 8 युनिट, आणि ती सलाइन तासाला 100 मिलीलीटर या गतीने. हा हिशोब रुग्णालयातला आहे, घरी करायचा नाही. उलटेही घडते. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलेली बाई कळा सुरू झाल्याने दिवसभर जेवलेली नसते, आणि तिची साखर 60वर आलेली असते. घाम, थरथर आणि घाबरेपणा याला कळांचा त्रास समजले गेले तर घात होतो. म्हणून कळा सुरू झाल्यावर इन्सुलिनचा नेहमीचा डोस विचारल्याशिवाय घ्यायचा नसतो.

सलाइनची बाटली कोणती लावली, ही बारीक वाटणारी बाब पुढच्या दोन तासांवर परिणाम करते. कमरेतून भूल देताना रक्तदाब घसरू नये म्हणून भराभर सलाइन सोडतात. ती ग्लुकोजची असेल तर आईची साखर क्षणात चढते, तिच्यामागे बाळाची चढते, बाळाचे स्वादुपिंड इन्सुलिनचा मारा करते, आणि त्याच क्षणी नाळ कापली जाते. साखरेचा पुरवठा थांबला, इन्सुलिन मात्र शिल्लक. बाळाची साखर कोसळणे इथून सुरू होते. म्हणून या वेळी साधी सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट वापरतात.

भूल शक्यतो कमरेतून देतात. आई शुद्धीवर राहते, तिला काही त्रास झाला तर ती सांगू शकते. नाळ घसरली असेल किंवा ठोके अगदी खाली गेले असतील तर तेवढाही वेळ नसतो आणि पूर्ण भूल द्यावी लागते. गरोदर बाईचे पोट सहसा रिकामे नसते. 1946 साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भुलेत जठरातले आम्ल फुप्फुसांत गेल्याने त्यांना कशी इजा होते हे दाखवले. टेबलावर नेण्याआधी आम्ल कमी करणारे औषध देतात ते त्यामुळे. जेवून किती वेळ झाला हे भूलतज्ज्ञाने विचारले, तर उत्तर खरे द्यावे. चहा-बिस्किटसुद्धा सांगावे.

काप देण्याआधीच प्रतिजैविकाचा डोस शिरेतून जायला हवा. साखर जास्त असलेल्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंद पडतात, त्यामुळे मधुमेही स्त्रीच्या टाक्यांना पू होण्याचा धोका मुळातच जास्त, आणि बराच वेळ कळा सोसल्यानंतर व अनेकदा आतून तपासणी झाल्यानंतर केलेल्या सिझेरियनमध्ये तो आणखी वाढतो. बाळ बाहेर यायला एरवी काही मिनिटेच लागतात. पण डोके खोल रुतलेले आणि खांदे रुंद असतील तर गर्भाशयावरचा काप बाजूला फाटू शकतो. मोठे बाळ आणि जादा पाणी यांनी ताणलेले गर्भाशय नंतर पटकन आकसत नाही, त्यामुळे रक्तस्राव जास्त होतो. रक्ताची पिशवी आधी सांगून ठेवायची ती याच कारणाने.

दिवस पुरे भरण्याआधी शस्त्रक्रिया करावी लागणार असे दिसले, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात, बारा तासांच्या अंतराने दोन दिवस. ती बाळाला जगवतात, पण आईची साखर उसळते. पुढचे तीन दिवस ती वारंवार मोजावी लागते आणि इन्सुलिन वाढवावे लागते. उसळलेली साखर पाहून घाबरू नये आणि ती इंजेक्शने टाळूही नयेत.

अंतर आणि रात्र

अर्ध्या तासाचे हे गणित रुग्णालय गाठल्यावरचे, आधी तिथे पोहोचायला हवे. नवी मुंबई आखणाऱ्या सिडकोची स्थापना 17 मार्च 1970ची, नवी मुंबई महानगरपालिका 1 जानेवारी 1992 पासूनची. आखलेल्या शहरात रुग्णालयेही नोडनुसार, म्हणजे उपनगरांनुसार, उभी राहिली. वाशीचे सार्वजनिक रुग्णालय, नेरुळचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय, बेलापूर आणि तुर्भे इथली माता-बाल रुग्णालये महापालिकेची. नेरुळ आणि कामोठे इथे खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय. नकाशावर पाहिले तर कोणत्याही नोडपासून शस्त्रक्रियेची सोय फार दूर नाही.

अडचण नकाशाच्या कडेला आहे. उरणची गावे, पनवेलच्या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी वाड्या, कर्जतकडचा भाग इथली गुंतागुंतीची बाळंतपणे शेवटी याच शहराकडे येतात. नेरुळ ते उरण लोकल जानेवारी 2024 पासून धावू लागली, पण कळा गाडीची वेळ पाहून येत नाहीत. जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरनी भरलेल्या रस्त्यावरून रात्री रुग्णवाहिका आणायची, तर तीस मिनिटांचा सगळा हिशोब वाटेतच संपतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. हे हक्क ठाऊक नसल्याने अनेक घरे रिक्षा शोधत बसतात. साखर इन्सुलिनवर असलेल्या किंवा बाळ मोठे असलेल्या दूरच्या बाईने शेवटच्या आठवड्यात शहरातल्या नातलगांकडे येऊन राहणे, हा साधा उपाय सर्वांत उपयोगी पडतो.

शहराच्या आतही एक प्रश्न विचारून ठेवायला हवा. नोडच्या सेक्टरांत लहान प्रसूतिगृहे पुष्कळ आहेत. साध्या बाळंतपणाला ती सोयीची असतात. पण मधुमेह असेल तर नाव घालण्याआधी विचारावे: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून बोलवावे लागतात? रक्त कुठून येते? बाळाला श्वास लागला तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) इथेच आहे का? यातल्या एकाचेही उत्तर ‘बघू तेव्हा’ असे असेल, तर दुसरी जागा शोधलेली बरी.

माहेरपण हा आणखी एक मराठी प्रश्न. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जायची रीत नवी मुंबईतल्या घरांतही टिकून आहे. साखरेचे निदान वाशीत होते आणि प्रसूती साताऱ्याला, सांगलीला किंवा रत्नागिरीला. डोहाळजेवणानंतर निघताना ओटीत नारळ पडतो, कागद मात्र कपाटात राहतात. तिथल्या रुग्णालयात रात्री दाखल होताना बाई इन्सुलिनवर आहे, किती युनिटवर आहे, शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचे वजन काय होते, हे कोणालाच माहीत नसते. माता-बाल संरक्षण कार्ड, साखरेची वही आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत घालून ती पिशवी बाईबरोबर सतत राहील असे पाहावे.

सिझेरियन वाढत चालली आहेत ही तक्रारही खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातले त्यांचे प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होते, 2019-21 मध्ये ते 25.4 टक्के झाले. देशभरात त्या वेळी सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के. इतकी मोठी दरी केवळ आजाराने पडत नाही. मधुमेहाचे नाव पुढे करून अकारण सिझेरियन सुचवले गेले, तर कारण विचारण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे. पण हा संशय कळांच्या खोलीत, ठोके घसरत असताना उकरून काढू नये. तो आठव्या महिन्यात, शांतपणे, कागद पुढ्यात ठेवून विचारायचा असतो.

बाळाची टाच, आईचे टाके

जन्मलेले बाळ गुबगुबीत आणि लालबुंद दिसते, घरचे खूश होतात. बाळाच्या डॉक्टरांचे लक्ष मात्र त्याच्या टाचेकडे असते. जन्मानंतर साधारण तासाभराने टाचेच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतात. आकडा 45च्या खाली असेल तर साखर कमी. मग दूध पाजण्याआधी, चार-चार तासांनी, सलग चार आकडे ठीक येईपर्यंत मोजत राहतात. साखर उतरलेले बाळ रडेलच असे नाही. ते सुस्त पडते, थरथरते, दूध ओढत नाही, आणि शांत बाळ म्हणून कौतुक होत असतानाच मेंदूला इजा होऊ शकते. पहिला उपाय आईचे दूध हाच आहे. सिझेरियननंतर आईला कुशीवर वळता येत नसले तरी परिचारिकेच्या मदतीने पहिल्या तासात बाळ छातीला लावता येते, आणि चिकाचे चार थेंबही मोलाचे असतात. मध, साखरपाणी किंवा गूळ चाटवू नये.

इन्सुलिनच्या जादा पातळीमुळे फुप्फुसे तयार व्हायला उशीर लागतो. त्यातून कळांशिवाय बाळ बाहेर काढले असेल तर फुप्फुसांतले पाणी पुरते निचरलेले नसते, म्हणून पूर्ण दिवसांचे बाळही श्वासासाठी दोन-तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागू शकते. कावीळही या बाळांना जास्त होते.

वार बाहेर पडताच आईची इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते. बहुतेकींचे औषध त्याच दिवशी बंद होते, आणि ते चालू राहिले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून उठून चालायला लावतात ते पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. टाक्यांभोवती लाली, गरमपणा, पाणी किंवा ताप दिसला तर बारसे उलटायची वाट पाहू नये. डिंक आणि अळिवाचे लाडू बाळंतिणीला हवेतच असे घरच्यांना वाटते. साखर स्थिर आहे हे कळेपर्यंत त्यातला गूळ आवरलेला बरा.

गर्भाशयावर आता टाका आहे. पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. त्यात जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशे स्त्रियांत एकीला असतो, त्यामुळे तो प्रयत्न शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवा. दोन बाळंतपणांत किमान दीड-दोन वर्षांचे अंतरही हवे.

आईची शेवटची चाचणी सर्वाधिक चुकवली जाते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोज, या वेळी उपाशीपोटी येऊन. उपाशीपोटी 126 किंवा दोन तासांनी 200, वा त्याहून जास्त आकडा आला तर तो कायमचा मधुमेह. गर्भावधी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो, म्हणून चाचणी ठीक आली तरी दरवर्षी साखर पाहायची असते. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी याच सुमारास येते. त्या दिवशी बाळाला घेऊन निघालेल्या आईने सकाळी काही न खाता निघावे आणि बाळाच्या लसीबरोबर स्वतःचे रक्तही देऊन यावे.